थाई कंपनीत नोकरी की डीटीव्ही व्हिसा? थायलंडला मुक्काम हलवण्याआधी

थायलंडमध्ये राहून कमवायचं म्हटलं की भारतीय पासपोर्टवाल्यापुढे व्यवहारात दोनच रस्ते उरतात. एक, थाई कंपनीत रीतसर नोकरी, म्हणजे नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि त्यावर वर्क परमिट. दुसरा, काम आणि पगार भारतातला किंवा आणखी कुठल्या देशातला, राहणं मात्र थायलंडमध्ये. त्यासाठी जुलै २०२४ पासून डेस्टिनेशन थायलंड व्हिसा मिळतो, त्यालाच सगळे डीटीव्ही म्हणतात. व्हिसाशिवाय प्रवेश मिळतोय तर आधी जाऊ, तिथे काम शोधू आणि पुढचं पुढे बघू, असा तिसरा बेतही अनेकांच्या डोक्यात असतो. तो सोडून द्या. पर्यटक म्हणून मिळालेल्या शिक्क्यावर थाई मालकाचं काम करणं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर ५,००० ते ५०,००० बाथ दंड, देशातून रवानगी आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिट नाही.

दहा वर्षांचा एलटीआर (लाँग-टर्म रेसिडेंट, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा) व्हिसाही आहे. पण परदेशी कंपनीचं काम थायलंडमधून करणाऱ्यासाठी त्याची मूळ अट वर्षाला ८०,००० डॉलर उत्पन्नाची आहे. तेवढी कमाई असेल तर सरळ तोच बघा, पुढचं वाचायची फारशी गरज नाही.

बाकीच्यांनी भाडं आणि हवामान यांच्या आधी एक गोष्ट तपासावी: देशात राहण्याची परवानगी कोणाच्या हातात राहणार? नोकरीत ती मालकाच्या हातात असते. डीटीव्हीत ती तुमच्याच शिल्लक रकमेवर आणि कागदांवर उभी असते, पण स्थानिक म्हणून मिळणाऱ्या बहुतेक सोयी तिच्यासोबत येत नाहीत.

| मुद्दा | नॉन-बी आणि वर्क परमिट | डीटीव्ही |
|---|---|---|
| मुदत | आधी ९० दिवस, मग वर्षावर्षाची वाढ | ५ वर्षं, दर प्रवेशाला १८० दिवस |
| पैशाची अट | भारतीयांसाठी किमान ३५,००० बाथ पगार | खात्यात ५ लाख बाथ |
| थाई कंपनीचं काम | परमिटवर लिहिलेलं तेवढंच | अजिबात नाही |
| बाहेर जाऊन परत येणं | री-एंट्री परमिट हवं | वेगळा कागद नको |
| आरोग्य | सोशल सिक्युरिटी (पगारातून वर्गणी कापली जाणारी सरकारी योजना) | स्वतःचा विमा |
| बँक खातं | सहसा उघडतं | शाखेच्या मर्जीवर |

नोकरीचा रस्ता

यात निम्मी परीक्षा कंपनीची असते, हे मुलाखतीत कोणी सांगत नाही. साध्या थाई कंपनीला एका परदेशी माणसामागे २० लाख बाथ भरणा झालेलं भांडवल दाखवावं लागतं, आणि मुक्कामाची वाढ देताना इमिग्रेशन चार थाई कर्मचाऱ्यांची अट बघतं. ते चार जण कागदावर असून भागत नाही, त्यांचा सोशल सिक्युरिटीचा भरणा दाखवावा लागतो. आठ-दहा माणसांच्या कंपनीत दोन थाई सोडून गेले की परदेशी माणसाची वाढ अडकते. चूक त्याची काहीच नसते, पण बॅग त्याला भरावी लागते. बीओआय, म्हणजे गुंतवणूक मंडळाची मान्यता असलेल्या कंपन्यांना या दोन्ही अटींतून सूट आहे आणि त्यांच्या परदेशी कर्मचाऱ्यांची कामं लवकर होतात. म्हणून ऑफर हातात आली की पगाराच्या आकड्याआधी विचारा: कंपनी बीओआयची आहे का? नसेल तर थाई कर्मचारी किती आणि सध्या परदेशी किती?

क्रम असा असतो. कंपनी आधी कामगार खात्याकडून मंजुरीचा कागद आणि स्वतःची कागदपत्रं पाठवते. तुम्ही भारतातून ऑनलाइन ई-व्हिसा अर्ज करता. नॉन-बीवर उतरल्यावर ९० दिवस मिळतात. त्यात वैद्यकीय दाखला काढून वर्क परमिट घ्यायचं. हा दाखला क्षयरोग, कुष्ठरोग, हत्तीरोग, तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस आणि व्यसनं नाहीत एवढ्यापुरता असतो, साध्या क्लिनिकमध्येही मिळतो. वर्षभराच्या परमिटची फी ३,००० बाथ. मग इमिग्रेशनमध्ये १,९०० बाथ भरून मुक्कामाची वाढ. तिथे बऱ्याचदा आधी ‘विचाराधीन’ असा शिक्का मारून पुढची तारीख देतात. त्या तारखेपर्यंत देशाबाहेरचा बेत आखू नका.

री-एंट्री परमिट हा विषय दिसायला क्षुल्लक आहे, पण सगळ्यात महागात पडतो. वर्षभराची वाढ मिळाली आणि गणपतीला घरी यायचं म्हणून हे परमिट न काढता विमानात बसलात, तर ती वाढ तिथेच रद्द होते. परत जाताना सगळं पहिल्यापासून. एका फेरीचं परमिट १,००० बाथ, अनेक फेऱ्यांचं ३,८०० बाथ. वर्षात चार वेळा यायचं असेल तर मोठंच काढा.

कामगार कायदा मात्र नोकरदाराच्या बाजूचा आहे, आणि तो परदेशी माणसालाही लागू होतो. वर्षाला ३० दिवसांपर्यंत पगारी आजारपणाची रजा, किमान १३ सार्वजनिक सुट्ट्या, वर्ष भरल्यावर किमान ६ दिवस वार्षिक रजा. मालकाने कारण नसताना काढलं तर नुकसानभरपाई ठरलेली आहे: १२० दिवस ते एक वर्ष नोकरी झाली असेल तर ३० दिवसांचा पगार, एक ते तीन वर्षांना ९० दिवसांचा, तीन ते सहा वर्षांना १८० दिवसांचा. करारात प्रोबेशन ११९ दिवसांचं का असतं, ते यावरून कळेल. १२०वा दिवस लागला की भरपाई लागू होते, त्यामुळे काढायचंच असेल तर कंपन्या त्याच्या आत काढतात. तेवढे दिवस तरी कुटुंब भारतात ठेवा आणि मोठं सामान हलवू नका.

नोकरी सुटली की खरी घाई सुरू होते. वर्षभराची वाढ नोकरीवर आधारलेली असते, त्यामुळे नोकरीचा शेवटचा दिवस तोच कायदेशीर मुक्कामाचाही शेवटचा दिवस. इमिग्रेशनला जाऊन १,९०० बाथ भरले तर सहसा सात दिवस मिळतात. नव्या कंपनीची कागदपत्रं तयार असली तरच देशात राहून बदल जमतो, नाहीतर बाहेर पडून नवा नॉन-बी. राजीनामा देताना शेवटची तारीख एचआरशी लेखी ठरवून घ्या. तारखेचा गोंधळ झाला तर ओव्हरस्टेचे, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त राहिल्याचे, दिवसाला ५०० बाथ, २०,००० पर्यंत, तुमच्या खिशातून जातात.

काही कामं परदेशी माणसाला मुळातच बंद आहेत: केस कापणं, थाई मसाज, टूर गाईड, फेरीवाल्याचा धंदा, रत्नांना पैलू पाडणं. आपल्याकडून जाणाऱ्या पर्यटकांच्या गटांना ‘मराठी गाईड’ म्हणून फिरवणं यातच येतं.

डीटीव्हीचा रस्ता

अर्ज थायलंडबाहेरूनच करायचा. भारतातून तो दिल्लीची वकिलात किंवा मुंबई, चेन्नई, कोलकाता इथले वाणिज्य दूतावास यांच्याकडे ऑनलाइन जातो. वय किमान २०. मूळ शुल्क १०,००० बाथ, पण प्रत्येक वकिलात आपल्या चलनात वेगळा आकडा लावते, आणि अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही.

५ लाख बाथ म्हणजे बाथ पावणेतीन रुपये धरला तर पावणेचौदा लाख. ही रक्कम कशी दिसते याला रकमेइतकंच महत्त्व आहे. काही महिन्यांची बँक स्टेटमेंटं मागतात, आणि अर्जाच्या आठवड्यात मेहुण्याकडून आलेले दहा लाख त्यात लगेच दिसतात. शेअर, म्युच्युअल फंड किंवा कुलूपबंद मुदत ठेव यांच्यावर भिस्त ठेवू नका. बचत खात्यात, स्वतःच्या नावावर, तीन ते सहा महिने राहिलेली रक्कम सगळ्यात सुरक्षित. रुपया घसरला तर ५ लाखांची रेघ वर सरकते, म्हणून पंधरा-सोळा लाख ठेवा.

अर्ज बहुतेकदा दुसऱ्या कागदावर अडतो. नोकरदाराला मालकाचं पत्र लागतं, आणि त्यात हा कर्मचारी भारताबाहेरून काम करू शकतो असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पुण्या-मुंबईच्या मोठ्या आयटी कंपन्या असं पत्र सहसा देत नाहीत. त्यामागे तीन कारणं असतात: ग्राहकाचा डेटा देशाबाहेर उघडायला करारात बंदी असते, दुसऱ्या देशात कंपनीवर कर लागण्याची भीती असते आणि विमा तिथे चालत नाही. मॅनेजरने तोंडी ‘जा रे, कोण बघतंय’ म्हटलं तर ते धरून चालू नका. लॅपटॉपचा आयपी पत्ता बँकॉकचा दिसला की माहिती सुरक्षा विभाग बघतो. लेखी परवानगी मिळत नसेल तर डीटीव्ही तुमच्यासाठी नाही, मग शिल्लक कितीही असो.

फ्रीलान्सरचं गणित वेगळं आहे. ग्राहकांबरोबरचे करार, बिलं, खात्यात आलेले पैसे आणि कामाचा नमुना, हे चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. बिलावरचं नाव एक आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव दुसरं असेल तर खुलासा आधीच जोडा. स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीची कागदपत्रं आणि संचालक म्हणून स्वतःला दिलेलं पत्र चालू शकतं, पण प्रश्न जास्त येतात. मुए थाई (थाई बॉक्सिंग) किंवा थाई स्वयंपाकाच्या वर्गावरही डीटीव्ही मिळतो. मात्र सहा महिन्यांचं शुल्क भरण्याआधी ती संस्था कोणत्या वकिलातीत मान्य होते ते तपासा.

व्हिसा मिळाला की दर प्रवेशाला १८० दिवस. आत राहून एकदा वाढ मिळण्याची सोय कागदावर आहे, प्रत्यक्षात बहुतेक लोक बाहेर जाऊन परत येतात. री-एंट्री परमिटची भानगड नाही, व्हिसाच बहुप्रवेशी आहे. बंधन एकच, पण ठाम: थाई ग्राहकाचं, थाई कंपनीचं काम नाही. शेजारच्या कॅफेची वेबसाइट पैसे घेऊन करून दिली तरी ते वर्क परमिटशिवाय केलेलं काम ठरतं.

दोन्ही रस्त्यांवर सलग ९० दिवस राहिलात की पत्त्याची नोंद द्यावी लागते. १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत ती चालते, उशीर झाला तर २,००० बाथ. देशाबाहेर जाऊन आलात की मोजणी नव्याने सुरू. आणि मे २०२५ पासून प्रत्येक प्रवेशाआधी तीन दिवसांत टीडीएसी हे डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी साइट बनावट समजा.

कर

नोकरीत कर सरळ आहे, कंपनी दरमहा कापते. महिना १ लाख बाथ पगाराचं उदाहरण घ्या. वर्षाचे १२ लाख. त्यातून नोकरीची सरसकट वजावट १ लाख, स्वतःची ६०,००० आणि सोशल सिक्युरिटीचे दहाएक हजार गेले की करपात्र रक्कम सुमारे १०.३ लाख. पहिल्या १.५ लाखांवर कर नाही, पुढे ५, १०, १५, २० असे टप्पे आणि १० लाखांवर २५ टक्के. एकूण कर सुमारे १,२२,५०० बाथ, म्हणजे महिन्याला १०,२०० च्या आसपास. पती किंवा पत्नीला उत्पन्न नसेल तर आणखी ६०,००० वजा होतात आणि कर सुमारे १,०९,००० वर येतो. विवरणपत्राची मुदत ३१ मार्च. कंपनीने कापलेल्या कराचं प्रमाणपत्र जपा, पुढच्या वर्षीच्या मुक्कामाच्या वाढीला लागतं.

डीटीव्हीवाल्यांची समजूत अशी असते की पगार भारतात जमा होतो, त्यामुळे थायलंडचा काही संबंध नाही. थाई महसूल संहितेच्या कलम ४१ नुसार काम थायलंडमध्ये बसून केलं असेल तर त्याचं उत्पन्न थाई उत्पन्न ठरू शकतं, पैसे कुठेही मिळोत. भारतात करनिवासी असलेल्या आणि भारतीय मालकाच्या नोकरदाराला दोन देशांतल्या करारातली १८३ दिवसांची सूट साधारणपणे वाचवते. फ्रीलान्सरसाठी वेगळं कलम बघावं लागतं. याशिवाय कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही थाई करनिवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ नंतर परदेशात कमावलेलं जे उत्पन्न तिथे आणाल ते करपात्र धरलं जातं. त्याआधीच्या बचतीला हा नियम नाही. जुनी बचत वेगळ्या खात्यात ठेवून त्यातूनच खर्च पाठवला तर हिशोब दाखवणं सोपं जातं.

भारताच्या बाजूला निघण्याची तारीख सगळ्यात मोठा फरक करते. नोकरीसाठी देश सोडणारा माणूस त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो अनिवासी ठरतो. आधी बाहेर गेला नसलात तर १ एप्रिलपासून मोजून २८ सप्टेंबरला निघालात तर १८१ दिवस होतात. दसऱ्यानंतर निघू असं म्हणालात तर ते वर्ष बहुधा निवासी म्हणूनच जाईल आणि थायलंडचा पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागेल. डीटीव्हीवर भारतीय मालकाचंच काम चालू असेल, तर ‘नोकरीसाठी देश सोडला’ हे म्हणणं कितपत टिकेल, हा सीएबरोबर निघण्याआधी बसून सोडवायचा प्रश्न आहे. पगार थेट भारतातल्या खात्यात जमा होत असेल तर अनिवासी माणसालाही त्यावर भारतात कर लागण्याचा वाद असतो, तोही त्याच बैठकीत काढा. अनिवासी झालात की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं.

भारत-थायलंड सामाजिक सुरक्षा करार नाही. थायलंडमध्ये कापलेली वर्गणी तुमच्या पीएफच्या सेवाकाळात धरली जाणार नाही.

बँक आणि घर

वर्क परमिट असेल तर खातं सहसा पहिल्या फेरीत उघडतं, आणि खात्याबरोबर प्रॉम्प्टपे, म्हणजे तिथलं यूपीआय, येतं. भाजीवाल्यापासून मोटारसायकल टॅक्सीपर्यंत सगळे क्यूआर कोड लावून बसलेले असतात, त्यामुळे याला फार किंमत आहे. डीटीव्हीवर एक शाखा नाही म्हणते आणि दोन चौक पुढची हो म्हणते. खातं होईपर्यंत परदेशी कार्डावर एटीएममधून दर वेळी २२० बाथ किंवा जास्त शुल्क जातं, म्हणून पैसे थोडे थोडे न काढता एकदम काढा.

घराला दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचं आगाऊ भाडं, करार वर्षाचा, ही रीत. पहिला महिना काढायला ऑनलाइन कॉन्डो (मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीतलं घर) घेतलात तर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं हॉटेल कायद्यात बसत नाही हे ध्यानात ठेवा. इमारतीचा रखवालदार अडवू शकतो आणि मालक पत्त्याची नोंद करायला नकार देतो.

ती नोंद म्हणजे टीएम ३०. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने २४ तासांत कळवायचं असतं. अनेक मालक टाळतात, कारण भाड्याचं उत्पन्न सरकारदरबारी दिसेल. पण ती पावती नसेल तर इमिग्रेशनमध्ये वाढ अडते आणि वाहन परवान्यासाठी लागणारा रहिवास दाखलाही मिळत नाही. अनामत देण्याआधीच विचारायचं: टीएम ३० करणार का, आणि ओळखपत्राची व घराच्या नोंदपुस्तिकेची प्रत देणार का? का-कू केली तर दुसरं घर बघा, इमारतीत खोल्यांना तोटा नसतो.

करारातली विजेची ओळही वाचा. कॉन्डोत मीटर थेट वीज कंपनीचा असेल तर युनिटला चार-साडेचार बाथ पडतात. भाड्याच्याच म्हणून बांधलेल्या अपार्टमेंटमध्ये मालक सात-आठ बाथ लावतो. घरून काम, दिवसभर एसी, महिन्याला ४०० युनिट धरा: पहिल्या घरात १,८००, दुसऱ्यात ३,२००. भाडं हजाराने कमी म्हणून घेतलेली खोली विजेत महाग पडते. डीटीव्हीवाल्याला हे जास्त लागतं, नोकरीवाल्याचा दिवसाचा एसी कंपनी भरते.

कुठे राहायचं

नोकरीत जागा तुम्ही निवडत नाही. भारतीयांना मिळणाऱ्या नोकऱ्यांचा मोठा भाग बँकॉकच्या आयटी, वित्त आणि व्यापारी कंपन्यांत आहे, तसाच तो कारखान्यांतही आहे. आदित्य बिर्ला समूह १९६९ पासून तिथे आहे, टाटा स्टीलचेही प्रकल्प आहेत. सूत, रसायनं, पोलाद, वाहनांचे सुटे भाग म्हटलं की पत्ता आंग थोंग, सराबुरी, रयोंग किंवा चोनबुरी असतो. तिथे भाडं निम्मं, पण मुलांची शाळा, भारतीय किराणा आणि बोलायला माणसं कमी. अशा ऑफरमध्ये घर, गाडी आणि वर्षातून एक विमान तिकीट मागायला संकोच करू नका, ते त्या नोकऱ्यांत रुळलेलं आहे.

डीटीव्हीवाल्यांची पसंती बँकॉक की चियांग माई अशी असते. बँकॉकमध्ये ऑन नुटच्या आसपास स्कायट्रेनजवळ एक बेडरूम १२,००० ते १८,००० बाथ. चियांग माईत तशीच जागा ८,००० ते १२,००० मध्ये. पण चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, डोंगरांच्या खोलगट भागात धूर साठतो आणि हवा आठवडेच्या आठवडे घातक पातळीवर जाते. दमा असेल किंवा घरात लहान मूल असेल तर ते तीन महिने दुसरीकडे काढायचा खर्च भाड्यात मिळवून बघा, मग स्वस्ताई बरीच कमी होते. वर्षाचा करार न करता नोव्हेंबर ते जानेवारीसाठी चियांग माई घेणं डीटीव्हीवर सहज जमतं, आणि तेच करावं.

खाण्याचा खर्च दोन्हीकडे आटोक्यात: रस्त्यावरचं थाई जेवण ५० ते ८० बाथ, भारतीय हॉटेलात एक वेळ १५० ते ३०० आणि वर. शाकाहारी माणसाची अडचण मटणाची नाही, माशाच्या सॉसची आणि ऑयस्टर सॉसची आहे. भाजीच्या पदार्थातही ती असतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा, तिथे मांस, मासे, अंडी आणि कांदा-लसूणही नसतो. तुरीची डाळ, गव्हाचं पीठ, हिंग बँकॉकच्या फाहुरातमध्ये मिळतात.

दवाखाना आणि दुचाकी

नोकरीत सोशल सिक्युरिटीला पगाराच्या ५ टक्के जातात, पण वरच्या मर्यादेमुळे महिन्याला १,००० बाथच्या आतच. त्यात नेमून घेतलेल्या एका हॉस्पिटलमध्ये उपचार होतात. रांग असते, थाई भाषा असते, पण मोठ्या शस्त्रक्रियेत खिसा वाचतो. डीटीव्हीवर यातलं काही नाही. भारतातला प्रवास विमा बहुतेकदा १८० दिवसांपर्यंतच असतो. वर्षभराचा आरोग्य विमा तिथे घ्या आणि त्यात दुचाकीचा अपघात धरला आहे का ते आधी वाचा.

कारण तिथे परदेशी माणूस हॉस्पिटलात जातो तो बऱ्याचदा स्कूटरवरून. आरटीओकडून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यात दुचाकीचा वर्ग नोंदलेला नसेल तर विमा कंपनी दावा नाकारते. फक्त चारचाकीचा परवाना असलेले हजारो लोक चियांग माईत स्कूटर चालवतात, पोलीस दंड घेऊन सोडतात, विमा सोडत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो. पुढे राहायचं तर थाई परवाना काढा.

बायको, नवरा, मुलं

नॉन-बीवाल्याच्या जोडीदाराला कुटुंबीयांसाठीचा नॉन-ओ व्हिसा मिळतो, डीटीव्हीवाल्याच्या जोडीदाराला आणि २० वर्षांखालच्या मुलांना डीटीव्हीच. दोन्हीत जोडीदाराला थाई नोकरी करता येत नाही. पण जोडीदार स्वतः ऑनलाइन काम करत असेल तर डीटीव्हीत ते उघडपणे बसवता येतं.

मुलं शाळेत असतील तर बाकीची तुलना बाजूला ठेवा. आंतरराष्ट्रीय शाळेची फी वर्षाला ३ ते ९ लाख बाथ. शाळेची फी कंपनी देत असेल तर नोकरी, नसेल तर ८०-९० हजार पगारात दोन मुलांचं गणित जुळत नाही. डीटीव्हीवर दोन मुलांना घेऊन जाणं परवडेल ते अमेरिकी किंवा युरोपीय ग्राहकांकडून डॉलरमध्ये कमावणाऱ्यालाच.

बनावट नोकऱ्या

‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग’, पगार भरमसाट, मुलाखत टेलिग्रामवर, तिकीट आणि व्हिसा आमचा, अशी ऑफर आली तर ती नोकरी बँकॉकमध्ये नाही. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच अशा ऑफरबद्दल सूचना काढली होती. माणसांना बँकॉकहून सीमेवरच्या मे सोतला नेतात, तिथून नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडीच्या घोटाळा-केंद्रांत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून शेकडो भारतीयांना परत आणावं लागलं. खरी थाई कंपनी नॉन-बीची कागदपत्रं तुम्ही भारतात असतानाच देते. ‘आधी पर्यटक म्हणून या’ हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा. दहावीपेक्षा कमी शिक्षण असलेल्यांचा पासपोर्ट ईसीआर असतो, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागणारा, आणि थायलंड त्या देशांच्या यादीत आहे, म्हणून त्यांना नोकरीसाठी जाताना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मंजुरी लागते. एजंटाचा परवानाही तिथेच तपासता येतो.

तिथे गेल्यावर आणखी एक. राजघराण्याबद्दल टिंगल, कार्टून फॉरवर्ड, काहीही नको. थाई फौजदारी संहितेच्या कलम ११२ खाली प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे. अब्रुनुकसानीही तिथे फौजदारी आहे, मालकाबद्दल फेसबुकवर लिहिण्याआधी विचार करा.

निघण्याआधीचे कागद

लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पदवी यांना आधी राज्य शासनाचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं आणि शेवटी थाई वकिलातीचं साक्षांकन लागू शकतं. हे थायलंडमध्ये बसून करायला गेलं की महिना-दोन महिने जातात. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर इथेच प्रमाणित करून घ्या.

मराठी माणसाचं गाडं हमखास अडतं ते नावावर. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावाने आणि पदवी माहेरच्या. थाई कारकून अक्षर अन् अक्षर लावून बघतो, आणि ‘हे दोघं एकच’ हे त्याला पटवायला प्रतिज्ञापत्र लागतं. ते भारतात नोटरीकडे एका दिवसात होतं. सगळी रूपं एकाच कागदावर लिहा, चार मूळ प्रती काढा, आणि कंपनीला किंवा वकिलातीला पहिला अर्ज पाठवतानाच एक प्रत जोडा.